धावती बेरीज: पॉवर क्वेरीत १ जूनपासूनचा पाऊस मांडताना

१ जूनपासून आजपर्यंत एखाद्या ठिकाणी एकूण किती पाऊस झाला, हे सांगणारा आकडा धावत्या बेरजेचा असतो. रोजच्या नोंदी एकाखाली एक लिहायच्या आणि प्रत्येक नोंदीसमोर तोवरच्या सगळ्या नोंदींची बेरीज मांडत जायची, एवढेच तिचे स्वरूप. पासबुकातील शिल्लक, क्रिकेटच्या धावफलकावरची धावसंख्या, शाळेच्या संख्याशास्त्रातील संचित वारंवारता ही सारी तिचीच रूपे आहेत. साधी बेरीज अखेरीस एक उत्तर देते, तर धावती बेरीज प्रत्येक टप्प्यावर उत्तर देते. हंगामाचा एकूण पाऊस दोन वर्षी सारखाच असू शकतो; पण एका वर्षी तो जूनपासून सावकाश साठत गेला आणि दुसऱ्या वर्षी निम्मा सप्टेंबरमध्ये कोसळला, तर पिकाच्या दृष्टीने ती दोन वर्षे अगदी निराळी. तो फरक धावत्या बेरजेतच दिसतो.

कागदावर किंवा एक्सेलच्या एका पानावर हे काम सोपे आहे. पावसाचे आकडे 'बी' स्तंभात दुसऱ्या ओळीपासून असतील, तर शेजारच्या स्तंभात पहिला कक्ष डॉलरच्या खुणेने बांधलेले बेरजेचे सूत्र लिहून ते खाली ओढले की झाले. अडचण येते ती नोंदी वाढल्यावर. दर आठवड्याला नवी फाइल येते, पर्जन्यमापन केंद्रांची संख्या शेकड्यांत जाते, एखाद्या फाइलमध्ये ओळींचा क्रम उलटा असतो, आणि दर वेळी सूत्र नव्याने ओढावे लागते. अशा कामासाठी डेटा रूपांतराची साधने असतात. कच्ची माहिती वाचणे, स्वच्छ करणे, जोडणे, गट पाडणे या पायऱ्या एकदा ठरवून दिल्या की ते साधन त्या प्रत्येक नव्या माहितीवर त्याच क्रमाने चालवते. मायक्रोसॉफ्टचे पॉवर क्वेरी हे त्यांपैकी मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे साधन. २०१३ मध्ये ते एक्सेलला जोडून घेण्याचे वेगळे पुरवणी साधन म्हणून आले, एक्सेल २०१६ पासून 'डेटा' या टॅबमध्येच समाविष्ट झाले, आणि पॉवर बीआय या अहवाल बनवण्याच्या साधनातही तेच वापरले जाते.

पॉवर क्वेरीत बेरीज, सरासरी, गट पाडणे, तारखेतून महिना काढणे या सगळ्यांसाठी तयार बटणे आहेत. धावत्या बेरजेसाठी मात्र 'ॲड कॉलम' टॅबमधल्या नेहमीच्या बटणांपैकी एकही थेट उपयोगी पडत नाही. त्याचे कारण साधनाच्या रचनेत आहे. तिथे नवा स्तंभ तयार होतो तो एकेका ओळीपुरता विचार करून. एका ओळीतील किमान आणि कमाल तापमानाची वजाबाकी करायची, तर लागणारे दोन्ही आकडे त्याच ओळीत असतात. धावत्या बेरजेला मात्र वरच्या सगळ्या ओळी लागतात, आणि एका ओळीला वरची ओळ आपणहून दिसत नाही. वर काय आणि खाली काय, हे तिला सांगावे लागते.

क्रम आधी, बेरीज नंतर

म्हणून पहिले काम क्रम लावण्याचे. एकूण बेरीज कोणत्याही क्रमाने केली तरी तीच येते. धावती बेरीज क्रम बदलला की बदलते. तारखेचा स्तंभ खरोखर तारीख या प्रकारचा आहे की नुसता मजकूर आहे, हे आधी पाहावे लागते. तारखा मजकूर म्हणून राहिल्या तर १ जूननंतर १० जून, मग ११ जून आणि बऱ्याच पुढे २ जून, असा क्रम लागतो. शेवटचा आकडा तरीही बरोबर येतो आणि मधले सगळे चुकतात, त्यामुळे ही चूक सहज नजरेत येत नाही.

पावसाच्या बाबतीत तारखेचा अर्थही पक्का असावा लागतो. भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीत आदल्या दिवशी सकाळी साडेआठ ते त्या दिवशी सकाळी साडेआठ या २४ तासांतला पाऊस त्या तारखेच्या नावे लिहिला जातो. एका स्रोतातील माहिती या पद्धतीची आणि दुसऱ्यातील मध्यरात्र ते मध्यरात्र अशी असेल, तर दोन्ही एकाच स्तंभात घालून केलेली बेरीज निरर्थक ठरते.

क्रम लागला की प्रत्येक ओळीला अनुक्रमांक द्यायचा. 'ॲड कॉलम' मध्ये 'इंडेक्स कॉलम' निवडून सुरुवात १ पासून ठेवली की ओळींना १, २, ३ असे क्रमांक मिळतात. आता प्रत्येक ओळीला आपली जागा कळली.

सोपा मार्ग

यानंतर 'कस्टम कॉलम' घेऊन एक छोटे सूत्र लिहायचे. पॉवर क्वेरीच्या मागे 'एम' नावाची भाषा आहे. तिच्यात 'लिस्ट.फर्स्टएन' हे फंक्शन यादीतील पहिले काही आकडे उचलते आणि 'लिस्ट.सम' त्यांची बेरीज करते. सूत्राचा आराखडा असा:

लिस्ट.सम(लिस्ट.फर्स्टएन(पावसाची यादी, अनुक्रमांक))

प्रत्यक्षात ही नावे रोमन लिपीत लिहायची असतात, आणि 'एम' भाषा मोठ्या-लहान अक्षरांत भेद करते, त्यामुळे एक अक्षर चुकले तरी सूत्र चालत नाही.

एका केंद्रावरच्या पाच दिवसांच्या नोंदी मिलिमीटरमध्ये अशा आहेत असे धरू: ४.२, ०, १८.५, ६.०, ११.३. तिसऱ्या ओळीचा अनुक्रमांक ३. सूत्र यादीतले पहिले तीन आकडे उचलते, त्यांची बेरीज २२.७ येते आणि ती त्या ओळीसमोर बसते. चौथ्या ओळीला पहिले चार आकडे मिळून २८.७, पाचव्या ओळीला ४०.०. पूर्ण स्तंभ ४.२, ४.२, २२.७, २८.७, ४०.० असा होतो.

हा मार्ग समजायला सोपा आहे आणि थोड्या नोंदींसाठी पुरेसा आहे. त्यातला दोष असा, की प्रत्येक ओळ सुरुवातीपासून पुन्हा मोजते. पाचव्या ओळीने चौथीचे उत्तर वापरलेले नसते, पहिल्या चारही आकड्यांची बेरीज तिने नव्याने केलेली असते. १,००० ओळी असतील तर एकूण ५,००,५०० आकडे हाताळावे लागतात. १ लाख ओळींसाठी ही संख्या ५०० कोटींच्या वर जाते. ओळी दहापट वाढल्या की काम जवळजवळ शंभरपट वाढते.

त्यात 'एम' भाषेच्या एका स्वभावाची भर पडते. लागल्याशिवाय ती काहीच मोजत नाही, आणि जे लागते ते पुन्हा पुन्हा मागवू शकते. त्यामुळे प्रत्येक ओळीच्या बेरजेसाठी पावसाची यादी मूळ स्रोतातून नव्याने वाचली जाण्याचा धोका असतो. त्यावर उपाय 'लिस्ट.बफर'. या फंक्शनने यादी एकदाच वाचून संगणकाच्या स्मृतीत धरून ठेवली जाते. एवढ्या एका बदलाने मिनिटांचे काम सेकंदांवर येऊ शकते. बेरजांची संख्या मात्र तेवढीच राहते.

एकाच फेरीत बेरीज

हिशेब ठेवणारा माणूस शिल्लक काढताना पहिल्या पानापासून बेरीज करत बसत नाही. कालच्या शिलकेत आजची रक्कम मिळवतो आणि पुढे जातो. 'लिस्ट.जनरेट' हे फंक्शन पॉवर क्वेरीला हेच करू देते. त्याला चार गोष्टी सांगाव्या लागतात.

पहिली, सुरुवात कुठून: पहिले स्थान आणि पहिल्या दिवसाचा पाऊस. 'एम' मध्ये यादीची मोजणी ० पासून होते, म्हणून पहिले स्थान ०. दुसरी, कुठवर चालायचे: स्थान यादीच्या लांबीपेक्षा कमी असेपर्यंत. तिसरी, पुढच्या पावलाला काय करायचे: स्थान एकाने वाढवायचे आणि आतापर्यंतच्या बेरजेत नव्या स्थानावरचा पाऊस मिळवायचा. चौथी, प्रत्येक पावलाला हाती काय ठेवायचे: फक्त बेरीज; स्थानाचा आकडा उत्तरात नको.

वरच्याच पाच नोंदींवर हे असे चालते. स्थान ०, बेरीज ४.२. स्थान १, बेरीज ४.२ अधिक ०, म्हणजे ४.२. स्थान २, बेरीज ४.२ अधिक १८.५, म्हणजे २२.७. स्थान ३ वर २८.७ आणि स्थान ४ वर ४०.०. स्थान ५ येताच अट मोडते आणि काम थांबते. प्रत्येक आकडा बेरजेत एकदाच आला. १ लाख ओळींसाठी १ लाख पावले पुरतात. इथेही मूळ यादी आधी 'लिस्ट.बफर' मध्ये ठेवणे आवश्यक आहे, नाहीतर वाचलेला सगळा वेळ स्थानावरचा आकडा शोधण्यात जातो.

हाती येते ती नुसती यादी. ती तक्त्याला जोडावी लागते. त्यासाठी 'टेबल.टूकॉलम्स' ने तक्त्याचे स्तंभ सुटे करायचे, त्यांच्या शेवटी नवी यादी ठेवायची आणि 'टेबल.फ्रॉमकॉलम्स' ने सगळे पुन्हा एकत्र करायचे. या जोडणीत स्तंभांचे प्रकार पुसले जातात. तारीख ही तारीख आहे आणि पाऊस ही संख्या आहे, हे पुन्हा ठरवून द्यावे लागते.

'लिस्ट.अक्युम्युलेट' या आणखी एका फंक्शननेही धावती बेरीज करता येते. त्यात मात्र उत्तरांची यादी प्रत्येक पावलाला मागच्या यादीला नवा आकडा जोडून तयार करावी लागते. यादी लांबली की हे जोडकामच जड होते, म्हणून मोठ्या माहितीसाठी 'लिस्ट.जनरेट' सरस ठरते.

प्रत्येक केंद्राची बेरीज वेगळी

पावसाचा तक्ता एका केंद्राचा क्वचितच असतो. हवामान विभागाच्या मांडणीत महाराष्ट्र आणि गोवा मिळून चार उपविभाग आहेत: कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. प्रत्येकात अनेक केंद्रे. सगळ्यांच्या नोंदी एकाखाली एक ठेवून सरळ बेरीज चालवली, तर एका केंद्राचा पाऊस पुढच्या केंद्राच्या खात्यात जमा होत जाईल. नव्या केंद्राला बेरीज शून्यापासून सुरू झाली पाहिजे. अनेक वर्षांची माहिती असेल तर दर १ जूनलाही ती शून्यावर आली पाहिजे.

यासाठी 'ग्रुप बाय' वापरतात. केंद्र आणि वर्ष हे दोन स्तंभ निवडून 'ऑल रोज' हा पर्याय घेतला की प्रत्येक केंद्राचा प्रत्येक वर्षाचा छोटा तक्ता एका कक्षात बांधून मिळतो. मग धावत्या बेरजेच्या सगळ्या पायऱ्यांचे एक स्वतःचे फंक्शन बनवायचे, ते प्रत्येक छोट्या तक्त्यावर चालवायचे आणि शेवटी सगळे तक्ते उलगडून एकाखाली एक मांडायचे.

क्रम लावण्याची पायरी या फंक्शनच्या आत ठेवणे शहाणपणाचे. मोठा तक्ता आधी तारखेने लावला आणि मग गट पाडले, तर गटाच्या आत तोच क्रम टिकेल याची हमी पॉवर क्वेरी देत नाही. गट पाडणे, तक्ते जोडणे, दुबार नोंदी काढणे या क्रियांत आधीचा क्रम हरवू शकतो. प्रत्येक गटात पुन्हा तारखेने क्रम लावला की ही शंका उरत नाही.

गट पाडल्याने वेगही सुधारतो. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस. २,००० केंद्रे धरली तर एका हंगामाच्या २,४४,००० ओळी होतात. एवढ्या ओळींवर गट न पाडता सोपा मार्ग वापरला, तर सुमारे २,९७७ कोटी आकडे हाताळावे लागतील, आणि उत्तर चुकीचे येईल ते वेगळेच. गट पाडले की एका केंद्राला ७,५०३ आणि सगळ्यांना मिळून सुमारे दीड कोटी आकडे लागतात. म्हणजे छोटे गट असतील तिथे सोपा मार्गही चालून जातो. 'लिस्ट.जनरेट' ची खरी गरज एकेक गट लांब असतो तिथे असते.

रिकामी नोंद म्हणजे शून्य नव्हे

चौथ्या दिवसाची नोंद आलीच नाही असे धरू. पॉवर क्वेरी त्या कक्षाला 'नल' मानते. 'एम' भाषेत कोणत्याही संख्येत 'नल' मिळवला की उत्तर 'नल' येते. त्यामुळे 'लिस्ट.जनरेट' मध्ये चौथ्या ओळीची बेरीज रिकामी होते, आणि पाचवी ओळ चौथीवर अवलंबून असल्याने हंगामाच्या अखेरपर्यंत सगळ्या बेरजा रिकाम्या होतात. 'लिस्ट.सम' मात्र रिकाम्या नोंदी वगळून बाकीच्यांची बेरीज करते. एकाच साधनातले दोन मार्ग असे वेगवेगळे वागतात. इतर साधनांतही एकवाक्यता नाही. पायथन भाषेच्या पांडाज या लायब्ररीतील 'कमसम' हे फंक्शन त्या एका ओळीपुरती जागा रिकामी ठेवते आणि पुढे बेरीज चालू ठेवते. आर भाषेतील त्याच नावाचे फंक्शन तिथून पुढच्या सगळ्या जागा रिकाम्या ठेवते.

सूत्रात 'नल' च्या जागी ० घातला की अडचण तांत्रिकदृष्ट्या सुटते, पण मग नोंद न झालेला दिवस कोरडा दिवस म्हणून मोजला जातो. त्या दिवशी मुसळधार पाऊस पडून पर्जन्यमापकच बिघडला असेल, तर ती बेरीज दिशाभूल करणारी ठरते. म्हणून बेरजेसाठी ० धरला तरी शेजारी आणखी एक स्तंभ ठेवावा, ज्यात तोवर न मिळालेल्या नोंदींची धावती मोजणी असेल. बेरीज ३४.० मिलिमीटर आणि त्यात १ नोंद गैरहजर, एवढे वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

दुसरी अडचण दशांशाची. संगणक ०.१ सारखा अपूर्णांक द्विमान पद्धतीत तंतोतंत साठवू शकत नाही. ०.१ दहा वेळा मिळवला तर नेमका १ येण्याऐवजी त्याहून अगदी किंचित कमी आकडा येतो. एका बेरजेत हा फरक नगण्य असतो, धावत्या बेरजेत तो पुढे पुढे वाहत जातो. पाऊस एका दशांश स्थळापर्यंत मोजलेला असेल, तर उत्तरही एका दशांश स्थळापर्यंत पूर्णांकित करावे. 'लिस्ट.सम' ला दशमान अचूकतेने बेरीज कर असे सांगण्याचीही सोय आहे.

हे काम कुठे करावे

माहिती एक्सेल किंवा सीएसव्ही फाइलमध्ये असेल, तर पॉवर क्वेरीत धावती बेरीज करणे सोयीचे आहे. ती मोठ्या डेटाबेसमध्ये असेल, तर आधी डेटाबेसकडे पाहावे. पॉवर क्वेरी शक्य तेवढ्या पायऱ्या एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत बदलून डेटाबेसकडेच पाठवते, पण 'लिस्ट.जनरेट' सारखी पायरी तशी बदलता येत नाही, आणि सगळ्या ओळी आपल्या संगणकावर ओढाव्या लागतात. डेटाबेसमध्येच धावती बेरीज करण्यासाठी एसक्यूएलच्या २००३ च्या मानकात विंडो फंक्शन्स आहेत. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ती २००९ साली आली. धावत्या बेरजेला लागणारा क्रमाचा भाग एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२ च्या आवृत्तीत आला, आणि मायएसक्यूएल व एसक्यूलाइटमध्ये ही सोय २०१८ साली झाली. विंडो फंक्शनमध्ये बेरजेच्या पुढे गट कशाने आणि क्रम कशाने एवढे लिहिले की धावती बेरीज तयार होते. सावधगिरी एकच: एका गटात एकाच तारखेच्या दोन ओळी असतील आणि ओळींनुसार मोज असे स्पष्ट लिहिले नसेल, तर मानक नियमानुसार दोन्ही ओळींना एकच बेरीज मिळते.

अहवाल वाचणाऱ्याला स्वतः तालुका किंवा तारखा निवडायच्या असतील, तर आधी मोजून ठेवलेला स्तंभ उपयोगी पडत नाही. निवड १ जुलैपासूनची केली तरी त्यात जूनचा पाऊस मिसळलेलाच राहतो. तिथे पॉवर बीआयमधील 'मेजर' हे अहवालातच मोजले जाणारे सूत्र किंवा एक्सेलच्या पिव्होट तक्त्यातील 'रनिंग टोटल इन' ही सोय योग्य, कारण ती निवडीनुसार नव्याने मोजते.

पडताळणी

धावती बेरीज तपासणे सोपे आहे. प्रत्येक केंद्राचा शेवटचा आकडा त्या केंद्राच्या साध्या बेरजेइतका हवा. उलगडल्यानंतरच्या ओळींची संख्या मूळ ओळींइतकीच हवी. पाऊस उणे नसतो, म्हणून एका केंद्राच्या एका हंगामात आकडा कुठेही खाली येता कामा नये. आणि लागोपाठच्या दोन बेरजांची वजाबाकी केली की त्या दिवसाची मूळ नोंद परत मिळायला हवी. पहिली तपासणी क्रमातली चूक पकडत नाही, म्हणून सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या अशा काही तारखांचे आकडे हाताने मोजून पाहणे आवश्यक आहे.

धावती बेरीज चुकते ती सहसा मिळवण्यात नव्हे, मिळवण्याआधी न घेतलेल्या निर्णयांत. क्रम कशाचा, सुरुवात कुठून, गट कोणता आणि रिकाम्या नोंदीचा अर्थ काय, हे चार प्रश्न माहिती गोळा करणाऱ्याला विचारूनच सोडवावे लागतात. कोणतेही साधन त्यांची उत्तरे आपणहून देत नाही. ती उत्तरे पक्की झाल्यावरच सूत्र लिहायला घ्यावे.